मैयेचं वीजबिल

१० नोव्हेंबर २०२४

विजेचं बिल आलं. चिरागने ते नाश्त्याच्या वेळी उभं राहून वाचून दाखवलं, शोकसभेत ठराव वाचतात तसं. आकडा इथे लिहीत नाही. ही वही मलाही पुन्हा वाचायची असते.

अंगणात पोहायचा पूल बांधला तो चिरागच्याच हट्टाने. लग्नाआधी म्हणायचा — पप्पा, आजकल सबके यहाँ होता है. बांधला. तीन वर्षांत त्यात पोहलं कोण? कोणी नाही. घरात कोणाला पोहताच येत नाही. त्याची हळद झाली, सुनेचे फोटो झाले, एकदा शेजारची बकरी पडली. पोहली म्हणायची तर तीच.

पण सप्टेंबरात विमल — माझी बायको — नर्मदेच्या घाटावरच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. गुडघ्याची वाटी फुटली, तार घालून जोडली. आता पाय वाकत नाही. व्यायाम करवायला येते ती वैष्णवी मॅडम म्हणाली — अंकल, आपके यहाँ पूल है ना? रोज कोमट पाण्यात तासभर चालवा. पाण्यात वजन येत नाही, दुखत नाही, सांधा सुटतो. म्हणून हीटर लावला. एवढ्या वर्षांत त्या खड्ड्याला पहिल्यांदा काहीतरी काम मिळालं.

चिराग म्हणतो, मम्मीचा एक्सरसाइज गर्मीत करू ना, तब तक हीटर बंद. वैष्णवी म्हणते, उन्हाळ्यापर्यंत गुडघा दगड होईल. जानेवारी संपेपर्यंत वाकला तर वाकला, नाहीतर पुन्हा भूल देऊन जबरीने वाकवावा लागेल. विमल ते ऐकत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

म्हणजे पाणी गरम पाहिजे आणि बिल कमी पाहिजे. टेंट हाउसवाल्याला हे नवीन नाही. आयुष्यभर लोकांनी हेच सांगितलं — नथ्थूभाऊ, मांडव मोठा पाहिजे आणि पैसे कमी.

१२ नोव्हेंबर

चिरागने एक सल्लागार आणला. सचिनजी, इंदूरचे. पूलमध्ये वीज कशी वाचवायची याचे तज्ज्ञ. मोठी गाडी, त्यात हे आणि ड्रायव्हर. ड्रायव्हर बाहेर गाडी चालू ठेवून एसीत बसला. दोन तास! सचिनजी आत विजेची बचत समजावून सांगत होते आणि बाहेर त्यांची गाडी घुरघुरत होती. माझे कान तिकडेच.

पिस्तुलासारखं एक यंत्र पाण्यावर रोखून म्हणाले — सर, यू आर लूझिंग हीट. मी म्हटलं, कळलं ते, बिल आलं आहे.

तरी माणूस चुकीचं बोलला नाही. चार गोष्टी कळल्या. उघडं पाणी रात्रभर वाफ होऊन उडतं, आणि उष्णता त्याच्यासोबत जाते. म्हणून झाकण पाहिजे. पाण्यावरून वारा वाहतो, तो अडवला पाहिजे. गाळायचा पंप दिवसरात्र चालतो, त्याची गरज नाही. आणि जाळी साफ असली की पंपाला दम लागत नाही. हे सांगून झाल्यावर विलायती झाकणाचा भाव सांगितला. चिरागसुद्धा खाली बसला.

पंप दिवसरात्र काहून चालतो, असं मी चौकीदाराला विचारलं. तो म्हणाला, कोणी बंद कर म्हटलंच नाही. माझ्या घरातली निम्मी कामं याच तत्त्वावर चालतात.

१३ नोव्हेंबर

पंप रात्री बंद करायचा हुकूम दिला. शेजारचे दिवाकरराव — रिटायर्ड इंजिनियर, फुकट सल्ल्यात मोठा हात — कुंपणावरून म्हणाले, पाणी आधीच अर्धं करा ना, अर्ध्यालाच हीटर लागेल. मी म्हटलं, मग विमलनं आडवं चालायचं का?

विमल आज कमरेइतक्या पाण्यात अर्धा तास चालली. कठडा धरून. चिरागची जुनी ट्रॅकपँट आणि वर माझा कुर्ता. कोणी पाहू नये म्हणून अवंतिकाला — आमची सून — दारात उभं केलं होतं. बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावर लाली होती. गुडघ्याला हात लावून म्हणाली, आज जरा ऐकलं यानं.

१५ नोव्हेंबर. कार्तिक पौर्णिमा

घात झाला.

राधाबाई माझी मोठी बहीण. सौसर गावाहून आली ती इथलीच झाली. भावजी गेल्यापासून आमच्याकडेच. पौर्णिमेला घाटावर स्नान करून आली. हातात तांब्याचा कलश, तोंडाने ‘नर्मदे हर’. मला वाटलं देवघरात ठेवेल. सरळ पुलाकडे गेली आणि मी हो-नाही म्हणायच्या आत कलश पाण्यात रिकामा केला.

“आता विमलचा पाय बरा होते की नाही पाह्य. हे साधं पाणी नाही राहिलं, नथ्थू. मैया आली तुझ्या घरी.”

मनानं सोनं आहे बाई. अडचण तीच आहे.

१६ नोव्हेंबर

रात्री चौकीदाराने पंप बंद केला. पहाटे बाईने चालू केला. सकाळी माझी सुनावणी.

“मैया कधी थांबते का रे? वाहत्या पाण्याले बटन लावतं तू?”

मी म्हटलं, बाई, हा दीड हॉर्सपॉवरचा पंप आहे. पाणी एका नळीतून जातं, दुसऱ्या नळीतून परत येतं. ती म्हणाली, “आपला जीव तरी वेगळा काय करून राहिला?”

पंप दिवसरात्र चालू.

१९ नोव्हेंबर

बाईने आणखी नियम केले. काठावर चप्पल नाही. पाण्यात साबण नाही. क्लोरीनचं नाव काढायचं नाही. संध्याकाळी दिवा सोडायचा.

आणि सगळ्यात वाईट — डुबकी चालेल, व्यायाम नाही. “मैयेत स्नान कर, विमल. पण पाय उचल, पाय ठेव, पाय उचल — मैयेच्या अंगावर कवायत करतं का कोणी?”

विमल बिचारी बाईच्या शब्दाबाहेर नाही. तीन डुबक्या मारते आणि कुडकुडत बाहेर येते. डुबकीने गुडघा वाकत नाही.

क्लोरीन मी संध्याकाळी गुपचूप टाकतो. बाईने वास ओळखला. मी म्हटलं, कापूर. ती म्हणाली, “कापराचा वास मले सांगतं?” पण पुढे काही बोलली नाही. पाणी हिरवं झालेलं तिलाही नको आहे.

२४ नोव्हेंबर

बातमी कॉलनीत फुटली. नथ्थूजी के यहाँ मैया आई हैं — आणि गरम! हा दुसरा भागच महत्त्वाचा. घाटावर थंडीत डुबकी मारायची तर श्रद्धा लागते. इथे टॉवेल पुरतो.

पहाटेपासून बायका. प्रत्येकीच्या हातात द्रोणातला दिवा आणि झेंडू. दिवे मोठे सुंदर दिसतात, हे मान्य. मग ते तरंगत तरंगत जाळीपाशी जातात आणि जाळी त्यांना गिळते. सकाळी जाळीतून द्रोण, वाती, झेंडू, एक नारळाची शेंडी आणि एक केसांची क्लिप निघाली. पंप असा कण्हत होता की ऐकवेना. जनरेटर, ढोल, भांडणारे व्याही — आयुष्यभर आवाजांवर पोट भरलं आहे. कोणता आवाज महाग पडणार, ते मला लगेच कळतं.

दिवाकररावांच्या मिसेस जाताना म्हणाल्या, “भाईसाहब, कल थोड़ा और गुनगुना रखिएगा.” जशी मी चहाची टपरी टाकली आहे.

२८ नोव्हेंबर

वैष्णवी आली. फूटपट्टीसारखं काहीतरी गुडघ्याला लावून पाहिलं आणि ते बॅगेत ठेवायला उगीच वेळ लावला. गुडघा तिथेच. उलट जरा मागे गेला म्हणाली.

“आंटी, चल नहीं रहीं क्या आप?”

विमल म्हणाली, “चलती हूँ ना.” खोटं बोलताना ती छताकडे पाहते. मी बाजूला घेऊन वैष्णवीला खरं सांगितलं. पोरगी हसली नाही. म्हणाली, “अंकल, दो महीने हैं. उसके बाद मैं कुछ नहीं कर पाऊँगी.”

संध्याकाळी बिल कमी करायच्या गोष्टी घेऊन चिराग बसला. त्याने घरभर विजेच्या बटनांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. बाथरूममध्ये मी आत असताना बाहेरून दिवा बंद करतो — पप्पा, बेकार जल रहा था. स्वतः दोन गल्ल्यांवरच्या जिमला कारने जातो आणि तिथे विजेवर चालणाऱ्या पट्ट्यावर पळतो.

१ डिसेंबर

ठरवलं. बाईशी भांडायचं नाही. चाळीस वर्षांत एक शिकलो — मुलीच्या बापाशी वाद घालून मांडव उभा राहत नाही. त्याला जे पाहिजे त्यातूनच आपल्याला पाहिजे ते काढायचं.

प्रथम झाकण. गोदामातून ताडपत्री आणली, मोजून पाण्यावर अंथरली. बाईने माळ हातात तशीच धरून विचारलं, “हे काय?” मी म्हटलं, रात्री झाकू, गरमी टिकेल.

“मैयेवर ताडपत्री? मढं आहे का ते, झाकाले?”

गुंडाळली परत.

३ डिसेंबर

आज सकाळी दाढी करता करता सुचलं. गाल अर्धा तसाच ठेवून उठलो.

मैयेला लोक काय वाहतात? चुनरी! या काठापासून त्या काठापर्यंत, साडीला साडी जोडून. स्वतः मीच तिलवारा घाटाला दोनदा चुनरी पुरवली आहे.

सराफ्यात गेलो, सोन्याच्या दुकानांमागच्या गल्लीत गोटा-किनारवाल्याकडे. सगळ्यात रुंद सोनेरी पट्टी घेतली. लाल कापड गोदामात पडलंच होतं, एका नेत्याच्या सभेचं. सभा रद्द झाली, कापड राहिलं. खाली फुगेवाला प्लास्टिकचा जाड थर — सामान पाठवताना काचेला गुंडाळतात तसा, पण मोठ्या फुग्यांचा. त्यावर लाल कापड, भोवती गोटा. गोदामातला गणपत शिवायला बसला. म्हणाला, “भाऊ, एवढी मोठी नवरी कोणती?”

५ डिसेंबर

संध्याकाळी बाईला बोलावलं. नारळ फोडला. चौघांनी चार टोकं धरली आणि पूर्ण पूल लाल झाला. बाई पाहतच राहिली. डोळ्यांना पदर लावला.

“नथ्थू, एवढी मोठी चुनरी... तुले बुद्धी दिली मैयेनं.”

दिली म्हणजे काय. फुग्यांसकट दिली.

रोज संध्याकाळी चुनरी चढणार, पहाटे उतरणार — हा नियम बाईनेच केला. दिवे आता चुनरी चढायच्या आत, पितळी परातीत, काठावर. जाळी मोकळी. हेही तिनेच ठरवलं — चुनरीला आग लागायला नको.

८ डिसेंबर

पंपाचं काम बाकी होतं. जेवताना सहज म्हणालो, बाई, देवळात देवाला शयनआरती करून निजवतात ना? मग मैयेला रात्रभर काहून पळवतो आपण?

बाईने घास थांबवला. विमलने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच ताटाकडे. ती हसू गिळते तेव्हा तिचा कान हलतो.

“म्हणजे?” बाई म्हणाली.

म्हटलं, चुनरी चढली, शयनआरती झाली, की पंप शांत. पहाटे काकडआरतीला पुन्हा सुरू. निजलेल्या आईला कोणी उठवतं का?

आज रात्रीपासून पंप निजतो.

११ डिसेंबर

वारा राहिला होता. नदीकडून सुटतो तो थेट पुलावरून जातो. तिन्ही बाजूंनी कनाती लावल्या — लग्नात बायकांच्या जेवणाला लावतो त्याच, पिवळ्या-मरून. कारण सांगितलं नाही. बाईने स्वतःच शोधलं: “बरं केलं. स्नान करणाऱ्या बायका, आणि तो दिवाकर दिवसभर कुंपणावर.”

दिवाकरराव आता खुर्चीवर चढून सल्ला देतात.

१६ डिसेंबर

सचिनजी पुन्हा आले. गाडी तशीच बाहेर घुरघुरत. चुनरी उचलून त्यांनी यंत्र रोखलं, मग पुन्हा रोखलं. म्हणाले, सर, ये तो इम्पोर्टेड जैसा रिझल्ट है. फोटो काढले. कुठल्याशा सभेत ‘देशी पारंपरिक उष्णता-व्यवस्थापन’ म्हणून दाखवणार म्हणे. बाई मागून म्हणाली, “चपला काढा आधी.”

नवं बिल चिरागने बसून वाचलं. सुधारणा आहे.

आता पाणी गरम, पंप निवांत, बिल शांत. सगळं जमलं. ज्याच्यासाठी केलं तेवढं राहिलं — विमल अजून तीन डुबक्याच मारते.

१८ डिसेंबर

माझ्या हुशारीला आज पहिल्यांदा ठेच लागली.

बाईला म्हटलं, विमलनं पाण्यात व्यायाम नाही करायचा, ठीक. पण परिक्रमा? लोक मैयेच्या भोवती चालत जातात, महिनोन्‌महिने. तशी ती आतल्या आत गोल फिरेल. कवायत नाही, परिक्रमा.

बाई माझ्याकडे पाहत राहिली. ती अडाणी नाही, हे मी दर वेळी विसरतो.

“परिक्रमावासी काठानं चालते, नथ्थू. मैया त्याच्या उजव्या हाताले. तो ओलांडत नाही, आणि पोटातून तर चालतच नाही. चुनरी ठीक होती. शयन बी ठीक होतं. मले काय समजत नव्हतं का, तू कशासाठी करून राहिला ते? पण आता तू तिची थट्टा करून राहिला.”

बाजारात कोणी असं सरळ बोललं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं.

तेवढ्यात विमल. काठी टेकत आली, काठावर बसली, दुखरा पाय तसाच सरळ पुढे.

“बाई,” ती म्हणाली, “तुम्ही काठानं चाला. मी आतून चालते. तुमची परिक्रमा होईल, माझा पाय होईल. मैया दोघींची आई आहे, तिला काय वाईट वाटेल? आईच्या मांडीवरच तर पोर चालायला शिकते.”

बाईने माळ गळ्यात घातली, पाणी उजव्या हाताला ठेवलं आणि काठाकाठाने चालू लागली. म्हणाली, “उतर मग. काहून बसली?”

२२ डिसेंबर

रोज सकाळी, बायका यायच्या आधी, दोघी चालतात. बाई काठावर, विमल पाण्यात. बाई पुढे गेली की थांबते. थांबले असं दाखवत नाही, मण्यात अडकल्यासारखं करते.

मी कनातीमागे चहा घेऊन उभा असतो. ऐकायला नव्हे. पण कान आहेत. आज बाई म्हणत होती, भावजी गेल्यावर तिला परिक्रमेला जायचं होतं, कोणी सोबत नव्हतं. विमल म्हणाली, “मग आता चला की रोज.” बाई हसली. तिचं हसणं मी कितीतरी वर्षांनी ऐकलं.

३ जानेवारी २०२५

थंडी जोरात. सकाळी चुनरी ओढली की वाफ उठते आणि बायका ‘नर्मदे हर’ म्हणतात. चिराग मोबाइलवर विजेचा खप पाहतो आणि तोही हळूच ‘नर्मदे हर’ म्हणतो.

दिवाकरराव आज पाण्यात दिसले! पंचा लावून. म्हणाले, तापमानाचं निरीक्षण करतो आहे. गळ्यापर्यंत.

१४ जानेवारी. संक्रांत

पुलाभोवती तीळगुळाची ताटं. राइट टाउन मोहल्ल्यातून विमलची मैत्रीण मंडळी रिक्षा करून आली. घाटाला जायचं सोडून इथे. मी सगळ्यांना सांगतो, खरी मैया दोन मैलांवर आहे, तिच्याकडे जा. सगळ्या म्हणतात, हो, उन्हाळ्यात.

वैष्णवी आली. गुडघा मोजला. पुन्हा मोजला. मग बॅग बाजूला ठेवून विमलला म्हणाली, “आंटी, नीचे बैठके दिखाइए.”

विमल बसली. पाटावर, मांडी घालून नव्हे, पण बसली. पाय वाकला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, बाईकडे पाहिलं. बाईने वैष्णवीच्या हातात मूठभर तीळगूळ कोंबला. मी बाहेर जाऊन पंप बघून आलो. काही झालं नव्हतं पंपाला. उगीच गेलो.

२१ जानेवारी

विमल आज काठी घरात ठेवून फाटकापर्यंत गेली. मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. मी मागे स्कूटर घेऊन, सावकाश. ती म्हणाली, “लग्नाची वरात आहे का? जा ना तुम्ही घरी.”

मी पोरवयात वरातीत डोक्यावर गॅसबत्ती धरून चाललेला माणूस. मागे-मागे चालायची सवय आहे, म्हटलं.

२९ जानेवारी

चिरागने ‘बचतीचा यशस्वी नमुना’ म्हणून पुलाचा व्हिडिओ टाकला. त्यात चुनरी आहे, कनाती आहेत, सचिनजींचं यंत्र आहे. मी नाही, बाई नाही. खाली कोणीतरी लिहिलं आहे — सर, स्विमिंग करते हुए भी दिखाइए. बरोबर विचारलं. अजूनपर्यंत त्या पुलात बकरीखेरीज कोणी पोहलेलं नाही.

४ फेब्रुवारी. नर्मदा जयंती

आज खऱ्या घाटावर गेलो, सगळे. विमल पायऱ्या उतरली. तीच पायरी आली तेव्हा मी हात पुढे केला, तिने धरला नाही. पाण्यापर्यंत गेली. दिवा सोडला. बराच वेळ हात जोडून उभी.

परत येताना गाडीत बोलली. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकं.

“कार्तिकातली देवउठनी एकादशी झाली की मी आणि बाई परिक्रमेला निघणार. पायी. जमेल तेवढं सगळं पायी.”

चिराग म्हणाला, “मम्मी, वो तो पूरी नदी है. अमरकंटक से समंदर तक और वापस.” विमल म्हणाली, “माहीत आहे. दोन्ही काठ.”

मी म्हटलं, विमल, परिक्रमेचं मी गमतीत म्हटलं होतं.

“मी नव्हतं घेतलं गमतीत. शब्द दिला आहे. गुडघा वाकला तर चालत येईन म्हणून.”

“कोणाला दिला?”

“मैयेला. तुमच्याच पुलात.”

बाई खिडकीबाहेर पाहत होती. तिला सगळं माहीत होतं, हे तिच्या पाठीवरून कळलं.

५ फेब्रुवारी

सकाळपासून समजावतो आहे. वय सांगितलं. गुडघ्यातली तार सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं, भाकऱ्या थापत. म्हटलं, मी गाडीनं नेतो, सगळे घाट दाखवतो. म्हणाली, “शब्द चालत जायचा दिला. गाडीचा नाही.”

आयुष्यात मी लोकांना पटवत आलो. छोट्या मांडवाला मोठा म्हटलं आणि त्यांनी मान डोलावली. हिला मात्र मी एकही गोष्ट पटवून देऊ शकलो नाही, आणि कधी पटवून द्यावी लागलीही नाही — ती आधीच हो म्हणायची. आता नाही म्हणते आहे तर माझ्याकडे वाक्यच नाहीत.

वैष्णवीला फोन केला. तीन-चार महिन्यांनी हळूहळू चाल वाढवा, म्हणाली. नाही म्हण, असं मी तिला सुचवून पाहिलं. ती म्हणाली, “अंकल, चलाने के लिए ही तो इतना किया आपने.”

संध्याकाळी चुनरी चढवायला कोणी आलं नाही. विमल म्हणाली, “हीटर बंद करा आता. कोणासाठी जाळून राहिले?”

मी विचारलं, “आणि मी?”

ती म्हणाली, “तुम्हाला चालवतं का तेवढं? फाटकापर्यंत स्कूटर लागते तुम्हाला.”

चिडून नाही म्हणाली. खरंच विचारलं.

७ फेब्रुवारी

गोदामाच्या चाव्या चिरागला दिल्या. देवउठनीला नऊ महिने आहेत. हीटर बंद. सकाळी मी पाण्यात उतरलो, छातीपर्यंत, गार. तिसऱ्या फेरीला धाप लागली. विमल काठाने चालत होती, माझ्यापुढे. तिने मागे वळून पाहिलं नाही. फक्त पावलं जरा हळू टाकायला लागली.